४७ आयकॉनवरून १० वर: एका कॉम्बॅट रेफरन्स शीटचं प्रकरण

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. एक डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) आणि पाच खेळाडू. पाचातल्या तिघांनी वीस बाजूंचा फासा पहिल्यांदाच हातात घेतलेला. लढाई सुरू झाली की दर टर्नला तेच प्रश्न: मी पडलोय तर तलवार चालवू शकतो का, तो स्टन झालाय तर मला दोन फासे मिळतात का, बोनस ॲक्शन उरली का. नियमपुस्तकात उत्तरं आहेत, पण ती तीन-चार ठिकाणी विखुरलेली. म्हणून एफोर कागदाची, दोन्ही बाजूंनी छापलेली रेफरन्स शीट करायचं ठरलं. प्रत्येकाला एक प्रत.

पहिल्या शीटवर ४७ आयकॉन होते. हिशोब सरळ होता: लढाईतल्या १० ॲक्शन, १५ कंडिशन (पात्राची अवस्था: आंधळं, बेशुद्ध वगैरे), डॅमेजचे १३ प्रकार, ६ ॲबिलिटी (ताकद, चपळाई असे गुण) आणि कव्हरचे, म्हणजे आडोशाचे, ३ प्रकार. ज्याला नाव आहे त्याला आयकॉन. प्रत्येक आयकॉन ५ मिमीचा, खाली ७ पॉइंटमध्ये नाव, शेजारी दोन ओळी नियम. फायद्याचं हिरवं, तोट्याचं लाल. स्क्रीनवर शीट झकास दिसत होती. टेबलावर मात्र ती ताटाखालच्या पेपरासारखी पडून राहिली. खेळाडू शीटकडे एक नजर टाकत आणि डीएमलाच विचारत.

दोष चित्रांच्या दर्जाचा नव्हता, चित्रं चांगलीच होती. ती चुकीच्या जागी होती.

शोध कुठून सुरू होतो

टेबलावर कंडिशन कानावर पडते. डीएम म्हणतो, "तू रिस्ट्रेन्ड आहेस." खेळाडूच्या डोक्यात शब्द असतो आणि शीटवर तो शब्दच शोधतो. तिथे आधी साखळदंडाचं चित्र दिसतं, शेजारी हाताने धरलेल्या माणसाचं, त्याच्या शेजारी कोळ्याच्या जाळ्याचं. म्हणजे आधी शब्दाचं चित्र करा, मग ते चित्र शोधा, मग खाली ७ पॉइंटमध्ये लिहिलेलं नाव वाचून खात्री करा. शेवटी नाव वाचायचंच असेल तर मधली खेप कशाला?

चित्रावरून शोध तेव्हाच सुरू होतो, जेव्हा खेळाडूसमोर आधीपासून चित्र असतं. मिनिएचरच्या (पात्राच्या छोट्या मूर्तीच्या) पायात घातलेल्या रिंगवर तेच साखळदंडाचं चित्र असेल, तर शीटवरही ते हवं. तिथे आयकॉन दोन वस्तूंना जोडतो. या टेबलावर रिंगा नव्हत्या, बाटल्यांची रंगीत झाकणं होती. त्यामुळे १५ कंडिशनचे १५ आयकॉन कशालाच जोडलेले नव्हते.

आपल्याकडच्या निवडणूक चिन्हांशी तुलना केली की मुद्दा लगेच कळतो. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदानात चिन्हं आहेत (तेव्हा मतपेट्यांवर, पुढे मतपत्रिकेवर), कारण बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. पण पतंगात किंवा शिट्टीत उमेदवाराचा काही गुण दडलेला नसतो. महिनाभर भिंती, रिक्षा आणि भोंगे मिळून ते चिन्ह त्या माणसाला चिकटवतात. मतपत्रिका फक्त त्याची आठवण करून देते. रेफरन्स शीटला असा प्रचार मिळत नाही. पहिल्याच लढाईत, दहा सेकंदांत तिला उपयोगी पडायचं असतं. १५ नवी चिन्हं त्या दहा सेकंदांत कुणी शिकत नाही.

याच्या उलट उदाहरण पाथफाइंडर या तशाच खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. तिथे चिन्हं पाचच: एक, दोन किंवा तीन भरीव चौकटी म्हणजे तेवढ्या ॲक्शनचा खर्च, पोकळ चौकट म्हणजे फुकटची ॲक्शन आणि मागे वळलेला बाण म्हणजे रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला दिलेलं उत्तर). टर्नला तीन ॲक्शन मिळतात, म्हणून चौकटींची संख्या हाच अर्थ. हीच पाच चिन्हं नावाला लागून, ठरलेल्या जागी, पुस्तकभर शेकडो वेळा येतात. दहाव्या पानापर्यंत ती न शिकता पाठ होतात. आयकॉनला दर्जा सुबकपणाने येत नाही, वारंवार येण्याने येतो.

ढालीचे चार अर्थ

पहिल्या शीटवर ढाल चार ठिकाणी होती. पूर्ण कव्हरसाठी पूर्ण ढाल, डॉज (वार चुकवण्याच्या) ॲक्शनसाठी ढाल धरलेला माणूस, अर्ध्या कव्हरसाठी अर्धी भरलेली ढाल आणि पाऊण कव्हरसाठी पाऊण भरलेली. ५ मिमीला ही चारही सारखीच. अर्धं कव्हर एसीला (आर्मर क्लास, वार लागायला गाठावा लागणारा आकडा) आणि डेक्स सेव्हला (संकटातून चपळाईने वाचायला टाकलेल्या फाशाला) +२ देतं, पाऊण कव्हर +५. डॉजमध्ये एसी बदलतच नाही, तुमच्यावर हल्ला करणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा) मिळतो. ढालीच्या चित्राने या तिन्ही गोष्टींची खिचडी केली, आणि डॉज घेतलेला खेळाडू एसीत दोन मिळवत बसला.

ॲबिलिटींचीही तीच गत. कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणाला) हृदय दिलं, पण हृदय म्हणजे हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) असंच सगळे धरतात. डेक्सला धावणारा माणूस दिला, तो डॅश ॲक्शनचाही होता. इंटेलिजन्सला पुस्तक आणि विस्डमला घुबड. घुबड म्हणजे शहाणपण हा युरोपचा संकेत, मराठी घरात घुबड म्हटलं की पहिला विचार अपशकुनाचा येतो. डॅमेजच्या १३ प्रकारांत ज्वाला आणि हिमकण सगळ्यांनी ओळखले. फोर्स आणि थंडर या दोघांनाही वर्तुळाकार लाटा होत्या. नेक्रोटिक आणि पॉइझन, दोन्ही ठिकाणी कवटी.

हे सगळं काढलं. ॲबिलिटी 'स्ट्रेंग्थ, डेक्स, कॉन, इन्ट, विस, करिझ्मा' अशा टेबलावर बोलतात तशाच लिहिल्या. डॅमेजचे १३ आयकॉन जाऊन एक ओळ आली: रेझिस्टन्स असेल तर निम्मं, अपूर्णांक सोडून, व्हल्नरेबल असेल तर दुप्पट, इम्युनिटी असेल तर शून्य. प्रकार कुठला हे हत्याराच्या नाहीतर मंत्राच्या पुढे लिहिलेलंच असतं. ते शीटवर पुन्हा कशाला?

नावं शब्दांत, परिणाम आयकॉनमध्ये

खरी दुरुस्ती कंडिशनच्या भागात झाली. खेळाडूला कंडिशनची व्याख्या नको असते. त्याला विचारायचं असतं की मी हलू शकतो का, ॲक्शन घेता येते का, माझ्या हल्ल्याचं काय, माझ्यावरच्या हल्ल्याचं काय, स्ट्रेंग्थ-डेक्स सेव्हचं काय, आणि जवळून मारलं तर क्रिट (डॅमेजचे फासे दुप्पट) होतो का. प्रश्न सहाच, आणि प्रत्येक कंडिशनला तेच. म्हणजे वारंवार येणारी गोष्ट कंडिशन नव्हती, परिणाम होता. आयकॉनची जागा तिथे.

म्हणून तक्ता झाला. डावीकडे कंडिशनची नावं शब्दांत, ११ पॉइंट ठळक. वर सहा रकाने: बूट म्हणजे हालचाल, भरीव वर्तुळ म्हणजे ॲक्शन, तलवार म्हणजे माझा हल्ला, ढाल म्हणजे माझ्यावरचा हल्ला, पाचवा 'सेव्ह' असा शब्दच, आणि सहावा षटकोनात '२०' म्हणजे क्रिट. सेव्हला चित्र शोधायचा खटाटोप केला नाही. समाधानकारक चित्र नसेल तर शब्द लिहावा, त्यात कमीपणा नाही. ढाल आता पूर्ण शीटवर एकदाच, एकाच अर्थाने.

एग्झॉस्चन, म्हणजे थकवा, या तक्त्यात बसत नाही, कारण तिच्या सहा पायऱ्या आहेत. ती खाली सहा चौकटींच्या पट्टीत गेली: पहिलीत ॲबिलिटी चेकला डिसॲडव्हान्टेज, दुसरीत चाल निम्मी, तिसरीत हल्ला आणि सेव्ह दोन्हींना डिसॲडव्हान्टेज, चौथीत कमाल हिट पॉइंट निम्मे, पाचवीत चाल शून्य, सहावीत मृत्यू. उरलेल्या १४ कंडिशन गुणिले सहा रकाने, म्हणजे ८४ खण. त्यातले ३५ भरले, ४९ कोरे राहिले. कोऱ्या खणात रेघ किंवा 'नाही' काहीही टाकलं नाही. तसं केलं असतं तर भरलेले खण उठून दिसलेच नसते.

क्रम लावताना एक अडचण आली. पुस्तकातला क्रम इंग्रजी वर्णानुक्रमाचा आहे. नावं देवनागरीत लिहिली की तोच क्रम ब्लाइंडेड, चार्म्ड, डेफन्ड, फ्राइटन्ड असा येतो, आणि वाचणाऱ्याला तो वाटेल तसा लावलेला दिसतो. अकारविल्हे लावलं तर उच्चारावरून वाद. शेवटी तीव्रतेने लावलं, आणि तक्त्याच्या तळाशी आपोआप जिना तयार झाला ('माझा हल्ला' रकाना या सहा ओळींत कोराच, म्हणून इथे गाळला):

| | हालचाल | ॲक्शन | माझ्यावर हल्ला | स्ट्रेंग्थ-डेक्स सेव्ह | ५ फुटांतून क्रिट |
|---|---|---|---|---|---|
| ग्रॅपल्ड | ० | | | | |
| इनकपॅसिटेटेड | | फुली | | | |
| स्टन्ड | ० | फुली | वर बाण | नापास | |
| पेट्रिफाइड | ० | फुली | वर बाण | नापास | |
| पॅरलाइज्ड | ० | फुली | वर बाण | नापास | होय |
| अनकॉन्शस | ० | फुली | वर बाण* | नापास | होय |

स्टन्ड आणि पॅरलाइज्ड यांत फरक काय, हा पाचव्या आवृत्तीच्या टेबलावरचा हमखास वाद. पहिल्या शीटवर दोन्हींना डोक्याभोवती चांदण्या फिरणारा माणूस होता. तक्त्यात दोन ओळी जवळजवळ आल्या आणि उजवीकडचा एक खण भरलेला दिसला. फरक तेवढाच: पॅरलाइज्डवर ५ फुटांच्या आतून बसलेला वार क्रिट होतो. (दोघांच्या बोलण्यातही फरक आहे, पण लढाईच्या शीटवर त्यावाचून अडत नाही.) इथे चित्र म्हणजे तक्त्याचा आकारच आहे. बाकीचे आयकॉन त्याचे मजूर.

पेट्रिफाइडला (दगड झालेल्याला) सगळ्या डॅमेजला रेझिस्टन्स असतो, तो खणात मावत नाही. असे अपवाद ओळीच्या शेवटी ८ पॉइंटमध्ये लिहिले. चार शब्दांपेक्षा जास्त लागले तर त्या नियमाला पुस्तकच बरं.

बाण कुणाचा?

ॲडव्हान्टेज म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, डिसॲडव्हान्टेज म्हणजे लहान. यासाठी वर बाण आणि खाली बाण ठरला. 'माझा हल्ला' रकान्यात घोळ नव्हता. 'माझ्यावर हल्ला' रकान्यात मात्र झाला. ब्लाइंडेड असताना समोरच्याला ॲडव्हान्टेज, म्हणजे वर बाण. खेळाडूने तो वर बाण आपल्या फायद्याचा वाचला. त्याच्या बाजूने बघितलं तर चूक नाही, वर म्हणजे चांगलं.

दोन मार्ग होते. एक, बाण नेहमी शीट धरणाऱ्याच्या भल्याबुऱ्याचा धरायचा. दुसरा, बाण नेहमी फासा टाकणाऱ्याचा धरायचा. दुसरा निवडला, कारण डीएमही हीच शीट वापरतो आणि राक्षस आंधळा झाला की भलंबुरं उलटतं. फासा टाकणारा उलटत नाही. तक्त्याच्या डोक्यावर एकच वाक्य आलं: 'बाण फासा टाकणाऱ्याचा.' शिवाय जी गोष्ट त्या कंडिशनमधल्या पात्राला बाधक आहे, त्या खणाला १५ टक्के करडी छटा दिली. त्यामुळे इनव्हिजिबलच्या ओळीतले भरलेले खण पांढरे आहेत, बाकीच्या ओळींतले करडे. एका दृष्टीत दिसतं की ही एकच कंडिशन हवीहवीशी आहे.

तक्त्यातली ती चांदणी बेशुद्धीच्या ओळीवर आहे. अनकॉन्शस पात्रावरच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज, हे खरं. पण बेशुद्ध पात्र खाली पडतं, म्हणजे प्रोनही होतं. प्रोनवर ५ फुटांच्या पलीकडून हल्ला केला तर डिसॲडव्हान्टेज. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खातात आणि फासा एकच उरतो. लांबून बाण मारणारा तिरंदाज तक्त्यातला वर बाण बघून दोन फासे उचलणार, आणि शीटने त्याला फसवलेलं असणार. म्हणून चांदणी, आणि तळटीप: 'पडलेलाही आहे. लांबून: एकच फासा.' आयकॉन हो-नाही सांगतो. 'पण' सांगत नाही. जिथे 'पण' आहे तिथे खूण करून शब्दात लिहावं लागतं. प्रोनच्या ओळीतही म्हणूनच एका खणात दोन बाण आहेत, 'जवळून' वर आणि 'लांबून' खाली.

रंग झेरॉक्सच्या दुकानात मेला

लाल-हिरव्याची शीट कृष्णधवल लेझर प्रिंटरवर गेली आणि दोन्ही रंग जवळपास एकाच करड्यात उतरले. फायदा-तोटा ओळखायची एकमेव खूण पुसली गेली. रंगीत छापली असती तरी लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांचा प्रश्न राहिलाच असता. पुरुषांमध्ये हा दृष्टिदोष बराच आढळतो.

रंग वापरू नये असं नाही. याच खेळाच्या २००८च्या चौथ्या आवृत्तीत पॉवरच्या (पात्राच्या खास करामतींच्या) पट्ट्या रंगीत होत्या: कितीही वेळा वापरायच्या हिरव्या, लढाईत एकदाच्या लाल, दिवसातून एकदाच्या काळपट. पण तिथे पट्टीखाली 'ॲट-विल', 'एन्काउंटर', 'डेली' असे शब्दही छापलेले होते. रंग गेला तरी माहिती जात नव्हती. हीच कसोटी इथे लावली: वरचा बाण भरीव, खालचा पोकळ. दिशा, भराव आणि करडी छटा, तीन खुणा. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी एक तरी टिकते.

आधी बाणाऐवजी त्रिकोण होते. ते बदलावे लागले, कारण दोन खेळाडू बाल्डर्स गेट ३ खेळून आले होते. २०२३च्या त्या व्हिडिओ गेममध्ये ॲक्शन म्हणजे हिरवं वर्तुळ आणि बोनस ॲक्शन म्हणजे नारिंगी त्रिकोण. त्यांच्या डोळ्यांत तो त्रिकोण पक्का बसलेला. खेळाडूच्या डोक्यात आयतं बसलेलं चिन्ह मोडून नवं शिकवणं हा शुद्ध वेडेपणा. वर्तुळ आणि त्रिकोण तेच ठेवले, रिॲक्शनला वळलेला बाण, हालचालीला बूट. ही चार चिन्हं शीटच्या डाव्या समासात येतात: ऑपॉर्च्युनिटी अटॅकपुढे (निसटणाऱ्या शत्रूवरच्या वारापुढे) वळलेला बाण, दुसऱ्या हातातल्या हलक्या हत्यारापुढे त्रिकोण. १० ॲक्शनच्या यादीवर मात्र वर्तुळ एकदाच, मथळ्याला. सगळ्याच ॲक्शन असताना प्रत्येकीपुढे वर्तुळ काढणं म्हणजे गव्हाच्या प्रत्येक दाण्यावर 'गहू' लिहिणं.

मोजणी अशी: बूट, वर्तुळ, त्रिकोण, वळलेला बाण, तलवार, ढाल, षटकोनात २०, वर बाण, खाली बाण, फुली. दहा.

एसव्हीजी साफ करणं

आयकॉन गेम-आयकॉन्स डॉट नेटवरून घेतले. चार हजारांवर आयकॉन, बहुतेक सगळे क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ३.० परवान्याखाली (श्रेय देऊन वापरायला मोकळे), ५१२ बाय ५१२ एककांच्या चौकोनात काढलेले. तिथे एक खाच आहे. मूळ एसव्हीजी फाइलमध्ये (रेषा-आकारांनी साठवलेल्या चित्रात) दोन पाथ, म्हणजे आकार, असतात: पहिला पूर्ण काळा चौकोन, दुसरा त्यावर पांढरा आयकॉन. काळा चौकोन तसाच ठेवला तर टोनर वाया जातो आणि शीट सुतकी दिसते. तो पुसला तर कागदावर काहीच उमटत नाही, कारण पांढऱ्यावर पांढरं. चौकोन पुसून आयकॉनचा भराव काळा करायचा, किंवा उतरवतानाच पार्श्वभूमी पारदर्शक आणि आकृती काळी निवडायची.

दुसरी अडचण बारीक फटींची. हे आयकॉन ठसठशीत असले तरी आत पांढऱ्या चिरा असतात: तलवारीच्या पात्यातली रेघ, बुटाच्या नाड्या. आयकॉन ५ मिमीला आणला की एक एकक साधारण ०.०१ मिमी होतं, म्हणजे १० एककांची चीर ०.१ मिमी. ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिमी, तेव्हा चीर जेमतेम दोन ठिपक्यांची. लेझरवर ती कशीबशी निघते, झेरॉक्सवर बुजते आणि बुटाचा नुसता काळा गोळा होतो. म्हणून मथळ्याचे आयकॉन ७ मिमी, खणातले बाण ६ मिमी, आणि ०.२५ मिमीपेक्षा बारीक चीर ठेवायची नाही. ७ मिमीला हे साधारण १८ एकक होतात.

इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये पाथ मेनूतून 'ब्रेक अपार्ट' करायचं, नको ते बारीक तुकडे पुसायचे आणि उरलेले 'कम्बाइन' करायचे. ब्रेक अपार्ट केल्याक्षणी आतली भोकं भरून सगळं काळं दिसतं. घाबरायचं नाही, कम्बाइन केलं की भोकं परत येतात. कम्बाइन करायचं विसरलं तर मात्र ढालीचा नुसता ठिपका छापून येतो.

इमोजीने काम भागवायचा मोह होतो. तलवारी, ढाल, कवटी सगळं टंकता येतं. पण प्रत्येक फोनवर त्यांचं रूप वेगळं, रंग छपाईत गढूळ, आणि पीडीएफ दुसऱ्या मशीनवर उघडली की कधी नुसती चौकोनी डबी. छापायच्या शीटला इमोजी नकोत.

फाशांच्या आयकॉनवरही एक धडा मिळाला. चार, सहा आणि आठ बाजूंचा फासा बाह्याकृतीवरून ओळखू येतो: त्रिकोण, चौकोन, उभी चौकट. दहा, बारा आणि वीसचे ६ मिमीला एकाच माळेचे मणी. बाह्याकृती पोकळ ठेवून आत आकडा लिहिला की प्रश्न मिटतो. नवख्या खेळाडूला खऱ्या फाशावरही शेवटी सर्वांत मोठा आकडाच शोधायचा असतो.

मागची बाजू: आयकॉन नाही, आकृती

नियम जिथे जागेचा आहे, तिथे चिन्हाने भागत नाही; आकृतीच लागते. चौकटीच्या नकाशावर एक चौकट ५ फुटांची. २० फूट त्रिज्येचा फायरबॉल म्हणजे आठ चौकटींची रुंदी. हे वाक्य वाचून कुणाला अंदाज येत नाही, पण ५ मिमीच्या जाळीवर ४० मिमीचं वर्तुळ काढलं की खेळाडू आपल्याच माणसांना भाजण्याआधी थांबतो. कोनची रुंदी टोकापासून जितकं अंतर तितकी, म्हणून १५ फुटी कोन शेवटी तीन चौकटी रुंद. अर्धं आणि पाऊण कव्हर भिंतीमागच्या माणसाच्या १८ मिमीच्या दोन चित्रांत आलं, तिसरं चित्र पूर्ण कव्हरचं, ज्यात माणूस दिसतच नाही. जाळी ०.२ मिमी करडी, आकृती ०.७ मिमी काळी. दोन्ही सारख्या जाड ठेवल्या तर आकृती जाळीत हरवते.

देवनागरी आणि कागद

नियमपुस्तक मांडीवर घेऊन वाचतात, शीट टेबलावर पडलेली असते. डोळ्यापासून अंतर ६०-७० सेंमी. त्यात देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं. ७ पॉइंटला 'रिस्ट्रेन्ड'मधला 'स्ट्रे' चिखल होतो. मजकूर १० पॉइंटच्या खाली नेला नाही, फक्त तळटिपा आणि ओळीच्या शेवटचे अपवाद ८ला. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट. फाँट मुक्त: 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता', ठळक आणि साधा.

इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कम्पोझर लावला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. दुकानात देण्याआधी पीडीएफमध्ये फाँट एम्बेड झालाय का ते बघायचं. छापताना 'फिट टू पेज' बंद, ॲक्चुअल साइझ चालू. नाहीतर शीट थोडी आक्रसते आणि ०.२५ मिमीचा सगळा हिशोब पाण्यात. चारी बाजूंना १० मिमी समास सोडला. उरलेल्या १९० मिमीत नावाचा रकाना ५२ मिमीचा आणि बाकी सहा २३-२३ मिमीचे. ओळीची उंची ११ मिमी.

चकचकीत लॅमिनेशनवर व्हाइटबोर्ड मार्करने खुणा करून पुसता येतात, पण ट्यूबलाइट थेट त्यात दिसते आणि अर्धा तक्ता चमकेत जातो. मॅट लॅमिनेशन वाचायला उत्तम, त्यावर मार्करचा डाग राहतो. खेळाडूंना मॅट दिली, एग्झॉस्चनची पट्टी भरणाऱ्या डीएमला चकचकीत.

तळाशी श्रेयाची ओळ हवीच. आयकॉनसाठी चित्रकाराचं नाव, परवाना आणि 'बदल केले आहेत'. नियमांचा मजकूर जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.०खाली खुल्या झालेल्या एसआरडी ५.१ मधून (खेळाच्या मूळ नियमांच्या दस्तऐवजातून) घेतला, त्याने सांगितलेलं श्रेयवाक्य जसंच्या तसं. खेळाचा लोगो या परवान्यात येत नाही, तो शीटवर टाकलेला नाही.

चाचणी

छापण्याआधी दोन चाचण्या. पहिली: मथळ्याचे शब्द झाकून दहा चिन्हं दाखवायची आणि अर्थ विचारायचा. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५.३ या सुरक्षा चिन्हांच्या मानकात ८५ टक्के बरोबर आणि ५ टक्क्यांपेक्षा जास्त विपरीत अर्थ नको, अशी अट आहे. पाच माणसांत टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, पण 'माहीत नाही' आणि 'उलटं कळलं' वेगळं मोजायचं हे तिथून उचलण्यासारखं. माहीत नसलेला विचारतो. उलटं कळलेला फासा टाकून मोकळा होतो. बाणाचा घोळ इथेच सापडला.

दुसरी: दहा प्रश्नांच्या चिठ्ठ्या. 'गॉब्लिन रिस्ट्रेन्ड आहे, तुझ्यावर वार करतोय, फासे किती?' 'तू प्रोन आहेस, शत्रू ३० फुटांवर धनुष्य घेऊन. त्याचे फासे?' उत्तर चुकलं की बोट शीटवर कुठे होतं ते बघायचं. बोट बरोबर खणावर असून उत्तर चुकलं तर दोष चिन्हाचा. बोटच भलतीकडे असेल तर दोष मांडणीचा. या चाचणीत प्रोनच्या ओळीला 'उठायला निम्मी चाल' हे शब्द जोडावे लागले. शून्य नाही, पूर्ण नाही, आणि बुटाच्या चित्राला निम्मेपणा सांगता येत नव्हता.

शीटच्या उजव्या कोपऱ्यात १४ पॉइंटमध्ये '२०१४' छापलं आहे. २०२४च्या नियमांत एग्झॉस्चनच्या पट्टीऐवजी दर पातळीला फाशातून दोन वजा होतात, ग्रॅपल्डला हल्ल्याचा खणही भरावा लागतो, आणि ॲक्शनच्या यादीत मॅजिक, स्टडी, इन्फ्लुएन्स आले. दहा आयकॉनपैकी एकही बदलावा लागत नाही. बदलतात ते खण.